दसऱ्याला ऑपरेशन, येळवशीला शेत



गावात कोणाच्या हृदयाचे ऑपरेशन झाले की आठ-पंधरा दिवस पारावर तोच विषय असतो. किती तास लागले, छाती कशी उघडली, बिल किती आले. पेशंट घरी आला की गाव भेटून जाते, चहापाणी होते आणि विषय संपतो. घराची खरी परीक्षा मात्र त्यानंतर सुरू होते. ऑपरेशन डॉक्टरांनी केले. ताकद परत आणायचे काम घराचे आहे, आणि ते कसे करायचे हे घाईगर्दीत कोणी नीट सांगितलेले नसते.

इथे दोन तऱ्हेच्या चुका होतात. एका घरात माणसाला बाजेवरून उठूच देत नाहीत. पाणी हातात, जेवण हातात, "तुम्ही पडून राहा." महिन्याभरात त्याच्या मांड्यांचे मांस उतरते आणि मन खचते. दुसऱ्या घरात सोयाबीन खळ्यात पडलेले, हरभऱ्याची पेरणी अडलेली. पंचविसाव्या दिवशी कर्ता माणूस "आता मला काही होत नाही" म्हणत पोत्याला हात घालतो. जुळत आलेले छातीचे हाड हलते आणि पुन्हा दवाखाना दाखवावा लागतो. या दोन्हींच्या मधली वाट आज पाहू.

पूर्वी असे ऑपरेशन ही पैसेवाल्यांची गोष्ट होती. २०१२ साली राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला नांदेड होता. पुढच्या वर्षी ती लातूरसह सगळ्या राज्यात लागू झाली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. त्यामुळे आज बायपास किंवा झडपेचे ऑपरेशन झालेली माणसे आपल्या वाडी-तांड्यांवरही दिसतात. फेरतपासणी आणि पुढची औषधे योजनेत किती बसतात, हे सुट्टी मिळण्याआधीच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावे.

छातीत नेमके काय झालेले असते

हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या नळ्या चरबीने बुजतात. बायपासमध्ये पायातली शीर किंवा छातीच्या आतली रक्तवाहिनी घेऊन अडथळ्याच्या पुढे जोडतात. पाट बुजला की आपण बाजूने चारी काढून पाणी पुढे नेतो, तसेच हे. ही पद्धत १९६७ पासून अमेरिकेत रुजवणारे डॉक्टर रेने फावालोरो हे मूळचे अर्जेंटिनाचे. सुताराचा मुलगा. मोठ्या शहरात जाण्यापूर्वी त्यांनी बारा वर्षे एका खेड्यात साधा गावडॉक्टर म्हणून काम केले होते. खेड्यातल्या माणसाने शोधलेली वाट आज खेड्यातल्या माणसाच्या कामी येते आहे.

हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी छातीचे मधले हाड उभे कापावे लागते. काम झाले की ते स्टीलच्या तारेने बांधतात. ती तार कायम आत राहते, काढावी लागत नाही. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत मिटते, म्हणून माणसाला वाटते आपण बरे झालो. पण हाड पक्के व्हायला साधारण तीन महिने लागतात. मोडलेला हात प्लास्टरमध्ये बांधलेला दिसतो, म्हणून आपण त्याला जपतो. छातीला बाहेरून प्लास्टर नसते. म्हणून डोळ्यांना दिसत नसले तरी मनात धरून चालावे, की छाती अजून बांधलेली आहे.

मग पडूनच का राहू नये?

एके काळी डॉक्टरही तेच सांगत. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला कित्येक आठवडे खाटेवर सक्तीने निजवून ठेवत. १९५२ साली अमेरिकेतल्या लेव्हाइन आणि लाउन या दोन डॉक्टरांनी अशा रोग्यांना लवकर खुर्चीत बसवायला सुरुवात केली आणि त्याचे चांगले परिणाम मांडले. तेव्हापासून विचार बदलत गेला. पडून राहिले की फुफ्फुसात कफ साचतो, पायात रक्ताच्या गाठी धरतात, स्नायू गळतात. आता तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच पेशंटला उभे करून चालवतात. घरी आल्यावर ते चालणे थांबवले, तर दवाखान्याची मेहनत पाण्यात जाते.

सणवारांचा हिशेब

आता समजा, घरातल्या माणसाचे ऑपरेशन दसऱ्याच्या सुमारास झाले. आपला काळ सणांवर मोजला जातो, तर तोच हिशेब धरू. कोणाचे ऑपरेशन दुसऱ्या दिवसांत झाले असेल, त्यांनी फक्त आठवडे मोजावेत. मात्र हा ढोबळ अंदाज आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर त्यांचेच ऐकावे.

*कोजागिरीनंतर, घरी आल्यावर.* जमिनीवर अंथरूण नको. गुडघ्याएवढ्या उंचीची बाज किंवा खाट हवी. उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि मग बसावे. दोन्ही हातांवर जोर देऊन, किंवा कोणी हात धरून ओढल्यावर उठू नये. आधार द्यायचाच तर पाठीमागून द्यावा. खोकला आला की उशी किंवा चादरीची घडी छातीशी घट्ट धरून खोकावे, खोकला दाबू नये. दवाखान्यातून मिळालेले तीन गोळ्यांचे प्लास्टिकचे यंत्र कोनाड्यात ठेवू नका. जागेपणी तासातासाने दहा वेळा श्वास ओढून गोळ्या वर न्याव्यात. चालणे घरात आणि अंगणात, पाच पाच मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा. शौचाला कुंथावे लागू नये, तेव्हा पालेभाजी, फळ आणि डॉक्टरांनी सांगितलेले औषध घ्यावे. उकिडवे बसणे जड जात असेल तर भोकाची खुर्ची वापरावी. यात लाज कसली?

*दिवाळी, म्हणजे सुमारे तीन आठवडे.* अभ्यंगस्नानाचा मोह टाळावा. जखमेवर तेल, उटणे, हळद, राख काही लावू नये. कोमट पाणी आणि साधा साबण पुरे. अंग हळूच टिपून कोरडे करावे. पायाची शीर काढली असेल तर तो पाय सुजतो. बसताना तो पाटावर किंवा उशीवर ठेवावा. चालणे आता घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत, सपाट रस्त्याने, दहा-पंधरा मिनिटे, सकाळ-संध्याकाळ. फटाक्यांच्या धुरात उभे राहू नये.

*कार्तिकी एकादशी, म्हणजे साधारण एक महिना.* चालणे वीस मिनिटांवर न्यावे. चाल किती असावी याची सोपी खूण आहे. चालता चालता सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांना धाप लागली तर वेग जास्त झाला, थांबावे. गाणे म्हणता येत असेल तर थोडा वाढवायला हरकत नाही. या एकादशीला उपवास धरू नये. शरीर जखम भरते आहे, त्याला भाकरी-वरण हवे. साखरेची व्याधी असलेल्यांनी तर मुळीच धरू नये. विठोबा समजून घेईल.

*चंपाषष्ठी, म्हणजे आठ आठवडे.* या सुमारास डॉक्टरांना दाखवून यावे. छाती तपासून त्यांनी हो म्हटले, तर हलकी कामे सुरू करता येतात. भाजी निवडणे आणि खळ्यावर बसून हिशेब पाहणे ही तर आधीही चालतात. आता झाडलोट, थोडे पाणी भरणे, माळवदाचा जिना चढणे हळूहळू जमेल. जोडप्याने एकत्र राहण्याबद्दल विचारायला लोक लाजतात. दोन मजले जिना धाप न लागता चढता येत असेल, तर सहसा हरकत नसते. छातीवर भार येऊ नये एवढे पाहावे आणि डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. मोटारसायकलही त्यांच्या परवानगीनंतरच. खड्ड्यात हँडलचा हिसका थेट छातीला बसतो.

*येळवस, म्हणजे अकरा आठवडे.* मार्गशीर्ष अमावास्येला सारे घर शेतात जाते. रोज अर्धा तास चालायची सवय झाली असेल, तर तुम्हीही चालत जा. आदल्या दिवसांत माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जायचे असेल, तर गर्दीच्या धक्काबुक्कीत आणि जनावरांच्या बाजारात शिरू नका.

संक्रांतीच्या पुढे, तीन महिने पुरे झाल्यावर, कष्टाची कामे थोडी थोडी वाढवता येतात. नांगर, पोती, कुऱ्हाड यांना हात लावण्यापूर्वी एकदा चालत्या पट्ट्यावरची हृदयाची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारावे. मृगाच्या पेरणीला उभे राहायचे आहे, हे मनात धरा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असे होऊ देऊ नका.

कोणते वजन, कोणता हिसका

पहिले दोन महिने तीन-चार किलोच्या वर काही उचलू नये. दोन लिटर दुधाची किटली चालेल, भरलेली घागर चालणार नाही. फवारणीच्या सोळा लिटरच्या पंपात नुसते पाणीच सोळा किलो असते. नातू मांडीवर बसवून घ्यावा, पण वाकून उचलू नये.

वजनापेक्षाही हिसका वाईट. बैलाचा कासरा धरू नये. जनावराने मान झटकली की सगळा ओढा छातीवर येतो. म्हशीच्या पुढे उभे राहू नये, शिंगाचा एक धक्का पुरे. हापसा मारणे, इंजिनाचे हँडल फिरवणे, कडबा कुट्टीचे चाक ओढणे, विहिरीतून पाणी शेंदणे, हाताने धार काढणे, लाकूड फोडणे हे सारे तीन महिने बंद. ट्रॅक्टरवर आणि बैलगाडीत बसणेही टाळावे. नांदेड-लातूरकडे रब्बीला पुष्कळदा रात्रीची वीज मिळते. थंडीत, अंधारात एकट्याने पाणी द्यायला जाणे या हंगामात तरी दुसऱ्यावर सोपवा. कीटकनाशकाची फवारणी तर आता कायमचीच दुसऱ्या हाताकडे द्यावी, हे बरे.

"मग शेत कोण करणार?" हा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर ऑपरेशनला जाण्याआधी घरात बसून ठरवावे. भावकीत, शेजारात सावड अजून शिल्लक आहे. या हंगामात त्यांनी तुमची पेरणी उरकली, तर पुढच्या हंगामात तुम्ही त्यांच्या शेतावर उभे राहाल. तेही जमत नसेल तर एक हंगाम बटाईने द्यावा. एका रब्बीचे उत्पन्न थोडे कमी आले तर घर बुडत नाही. कर्ता माणूस पुन्हा दवाखान्यात गेला तर बुडते.

घरातली लक्ष्मी आजारी असेल तर

पुरुष आजारी पडला की घर हातावर झेलते. बाईचे ऑपरेशन झाले की पंधराव्या दिवशी ती चुलीपाशी दिसते, कारण दुसरे कोणी नसते. तिचेही हाड तीन महिन्यांनीच जुळते. भाकरी थापणे, कणीक तिंबणे, धुणे आपटणे, हंडा डोक्यावर घेणे, गवताचा भारा आणणे या साऱ्यांचा जोर छातीवरच येतो. चुलीचा धूर हृदयाला आणि फुफ्फुसांना दोन्हींना वाईट. तीन महिने सून, लेक, नवरा, मुलगा यांनी कामे वाटून घ्यावीत. नवऱ्याने भाकरी थापली तर गाव दोन दिवस हसेल, तिसऱ्या दिवशी विसरेल. जखमेला ताण बसू नये म्हणून बाईने मऊ कापडाचा, नीट आधार देणारा अंगकपडा दिवस-रात्र वापरावा.

ताटात काय

आपले जेवण मुळात वाईट नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, मुगाची उसळ, शेपू-मेथी, ताक, हंगामी फळ हे सारे चालते. तेल कोणतेही असो, हात आखडता हवा. खरा शत्रू मीठ आहे. मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर मीठ पुष्कळ झाले, आणि त्यात स्वयंपाकातले, पिठल्यातले, ठेच्यातले सगळे आले. लोणचे, पापड, सांडगे, खारवलेल्या मिरच्या आणि दुकानातला फरसाण ताटाबाहेर ठेवावा. पहिले काही दिवस तोंडाला चव नसते. तेव्हा थोडे थोडे, चार-पाच वेळा खावे.

तंबाखूबद्दल एकच सांगणे. चुन्याबरोबर मळलेली असो, गुटखा असो की बिडी, ती सोडली नाही तर नव्या जोडलेल्या नळ्याही बुजतील. भेटायला येणाऱ्यांनी पेशंटपुढे चंची उघडू नये.

गोळ्या आणि झडप

बरे वाटते म्हणून किंवा पैसे नाहीत म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. रक्त पातळ ठेवणारी आणि हृदयाची गती आवरणारी गोळी एकाएकी थांबवली, तर झटका येऊ शकतो. जनऔषधी केंद्रात पुष्कळ गोळ्या स्वस्त मिळतात. रक्तदाब आणि साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासता येते. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून एका ठिकाणी टांगून ठेवावी.

ज्यांची झडप बदलली, त्यांनी जास्त जपावे. लहानपणी घसा येऊन, सांधे सुजून ज्यांची झडप बिघडली, अशी तरुण माणसे आपल्याकडे बरीच असतात. धातूची झडप बसवली तर रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्ताची ठरलेली तपासणी वेळेवर करावी लागते. पालेभाजी बंद करू नये, पण रोज साधारण सारखीच खावी. एक दिवस पातेलेभर आणि मग आठवडाभर नाही, असे नको. विळा लागला आणि रक्त थांबेना, तर दाबून धरून दवाखाना गाठावा. दात काढण्याआधी, इंजेक्शन घेण्याआधी, दुकानातून अंगदुखीची गोळी घेण्याआधी "माझी झडप बदललेली आहे" हे सांगावेच. बाईला मूल हवे असेल, तर दिवस जाण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे.

मनाचे दुखणे

ऑपरेशननंतर धट्टाकट्टा माणूसही उगीच रडतो, चिडतो. रात्री झोप लागत नाही, वाईट स्वप्ने पडतात. "मी आता घरावर ओझे झालो" असे वाटते. हे पुष्कळांना होते आणि बहुधा काही आठवड्यांत ओसरते. तो काळ एकट्याने काढू नये. भेटायला येणाऱ्यांनी "अमक्याचे असेच झाले आणि तो गेला" अशा गोष्टी सांगू नयेत. दहा मिनिटे बसावे, पिकापाण्याचे बोलावे, उठावे. घरच्यांनी पेशंटला निर्णयातून बाजूला काढू नये. बी कोणते पेरायचे, तूर कधी विकायची, हे त्याला विचारावे. हात थांबले म्हणून शहाणपण थांबत नाही. उदासी दोन-तीन आठवडे हटली नाही, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलणे निघाले, तर लगेच डॉक्टरांना सांगावे. १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येते, मराठीतही.

योगाचेही थोडे सांगतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या जवळजवळ चार हजार लोकांवर आपल्या देशातल्या २४ केंद्रांत अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. योग शिकलेल्यांना प्रकृती अधिक चांगली वाटली आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक वळले. आयुष्य वाढते असे त्यातून सिद्ध झाले नाही, हेही खरे. छाती उघडलेल्यांनी तीन महिने सूर्यनमस्कार, भुजंगासन यांच्या वाटेला जाऊ नये. शांत बसून सावकाश श्वास घेणे मात्र आजपासून चालते.

केव्हा थांबायचे नाही

पुढील खुणा दिसल्या तर सकाळची वाट पाहू नये: ताप येणे, जखमेतून पू किंवा पाणी येणे, हाड हलल्यासारखे वाटणे किंवा छातीत टकटक होणे, आडवे झाले की दम लागणे, एका पायाची पोटरी सुजून दुखणे, छातीत धडधड होऊन चक्कर येणे. घरात काटा असेल तर रोज सकाळी वजन करावे. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढले, तर अंगात पाणी साचते आहे असे समजून डॉक्टरांना कळवावे. छातीत दाबल्यासारखे दुखले, घाम फुटला, तोंड वाकडे झाले किंवा हात लुळा पडला, तर १०८ ला फोन करावा. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नये.

बंधू-भगिनींनो, ताकद पेरणीसारखी असते. आज पेरले म्हणून उद्या उपटून पाहत नाहीत, आणि पेरून घरी झोपतही नाहीत. रोज थोडे पाणी, रोज थोडी राखण. या येळवशीला पेशंटला घेऊन शेतात जा. पांडवांची पूजा त्याच्या हातून करा, भज्जी-भाकरी त्याला पहिली वाढा, कडब्याच्या कोपीजवळ त्याला सावलीत बसवा. आंबिलाचे बिंदगे तेवढे या वर्षी धाकट्याच्या डोक्यावर राहू द्या. पुढच्या वर्षी त्याचे तो घेईल.